एका चिपवर दोन कोअर: पहिल्या ड्युअल-कोअर प्रोसेसरांमध्ये नेमकं काय घडलं?

२००५ सालच्या एप्रिल आणि मे या दोन महिन्यांत डेस्कटॉप संगणकाच्या प्रोसेसरने जे वळण घेतलं, त्यावरून तो पुन्हा मागे फिरला नाही. एप्रिलमध्ये इंटेलचा पेंटियम एक्स्ट्रीम एडिशन ८४० आला. मेच्या शेवटच्या आठवड्यात पेंटियम डी आला आणि ३१ मेला इंटेलची प्रतिस्पर्धी एएमडी हिचा अ‍ॅथलॉन ६४ एक्स२. या सगळ्यांमध्ये एका प्रोसेसरात दोन कोअर होते. कोअर म्हणजे सूचना वाचणारा, आकडेमोड करणारा आणि निकाल लिहिणारा संपूर्ण भाग. त्याआधी ज्याला आपण नुसतं ‘प्रोसेसर’ म्हणायचो तोच हा.

आज फोनमध्येही आठ कोअर असतात, त्यामुळे दोन कोअरचं कौतुक कशाला, असं वाटू शकतं. मला मात्र तो काळ फार शिकवणारा वाटतो. बहुकोअर प्रोसेसरचे जे मूळ प्रश्न आहेत ते तेव्हा अगदी उघड्यावर होते. चिपवर दुसरा कोअर बसवणं हे तितकंसं अवघड नव्हतं, कारण ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपवरचे विजेचे सूक्ष्म स्विच, मुबलक होते. अवघड होतं ते त्या दोघांना एकमेकांशी आणि मेमरीशी बोलायला चांगली वाट करून देणं. पेंटियम डी, अ‍ॅथलॉन ६४ एक्स२ आणि वर्षभराने आलेला कोअर २ डुओ यांच्यातला खरा फरक या वाटेचा आहे. पण त्याआधी हे पाहायला हवं की एका कोअरवर उत्तम चाललेलं असताना दुसरा हवा तरी कशाला होता.

गिगाहर्ट्झ कुठे अडले

प्रोसेसरच्या आत एक घड्याळ चालतं. ३ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ३ अब्ज ठोके, आणि दर ठोक्याला काम एक टप्पा पुढे सरकतं. १९९३ साली आलेला पहिला पेंटियम ६० मेगाहर्ट्झवर चालत होता. २००२ च्या नोव्हेंबरात पेंटियम ४ ने ३.०६ गिगाहर्ट्झ गाठले. दहा वर्षांच्या आत पन्नासपट. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने काहीही न बदलता त्याचा प्रोग्रॅम दर दोन वर्षांनी आपोआप वेगवान होत होता.

हे शक्य झालं त्यामागे एक साधा नियम होता. आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली दाखवून दिलं होतं की ट्रान्झिस्टर लहान करताना त्याच प्रमाणात व्होल्टेजही कमी केलं, तर तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसतात, ते जास्त वेगाने चालतात आणि तरीही त्या जागेत खर्च होणारी वीज वाढत नाही. प्रोसेसर चालताना लागणारी वीज ढोबळमानाने व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि घड्याळाच्या वेगाच्या प्रमाणात असते. त्यामुळे व्होल्टेज उतरत होतं तोवर वेग वाढवायला मोकळीक होती.

९० नॅनोमीटरच्या तंत्रापाशी (हा आकडा म्हणजे चिपवरचे भाग किती बारीक करता येतात त्याची खूण) हा हिशेब बिनसला. ट्रान्झिस्टर चालू-बंद करणाऱ्या फाटकाखालचा (गेटखालचा) विद्युतरोधक थर तोवर १.२ नॅनोमीटरपर्यंत पातळ झाला होता, म्हणजे अवघ्या काही अणूंच्या जाडीचा. एवढ्या पातळ थरातून इलेक्ट्रॉन पार निसटतात. शिवाय व्होल्टेज आणखी उतरवायचं, तर ट्रान्झिस्टर ज्या व्होल्टेजला चालू होतो तो उंबरठाही खाली आणावा लागतो. आणि तो जितका खाली, तितकी बंद असलेल्या ट्रान्झिस्टरमधूनही वीज जास्त गळते. मग चिप काही काम करत नसतानाही वीज खाते आणि तापते. व्होल्टेज उतरायचं जवळजवळ थांबलं. आता वेग वाढवायचा म्हणजे उष्णता वाढवायची, दुसरा मार्ग उरला नाही.

इंटेलला हा धक्का जास्त बसला, कारण पेंटियम ४ ची सगळी मांडणीच वेगाच्या आकड्याभोवती केलेली होती. नेटबर्स्ट असं त्या रचनेचं नाव. त्यात एक सूचना पूर्ण करण्याचं काम बारीक बारीक टप्प्यांत वाटलेलं असतं. टप्पा जितका छोटा, तितका ठोका जलद देता येतो. या टप्प्यांच्या रांगेला पाइपलाइन म्हणतात. सुरुवातीच्या पेंटियम ४ मध्ये ती २० टप्प्यांची होती. फेब्रुवारी २००४ मध्ये आलेल्या प्रेस्कॉट आवृत्तीत ती ३१ टप्प्यांची झाली. लांब पाइपलाइनची किंमतही असते. प्रोग्रॅममध्ये ‘असं असेल तर हे कर, नाहीतर ते कर’ असे फाटे सतत येतात. प्रोसेसर उत्तर येण्याची वाट न पाहता एका फाट्याचा अंदाज बांधून पुढे जातो. अंदाज चुकला की पाइपलाइनमधलं अर्धवट काम टाकून द्यावं लागतं, आणि ३१ टप्प्यांच्या रांगेत टाकून द्यायला बरंच काही असतं. प्रेस्कॉट त्याच गिगाहर्ट्झच्या आधीच्या पेंटियम ४ पेक्षा अनेक कामांत पुढे नव्हता, आणि तापायचा मात्र जास्त.

नेटबर्स्ट १० गिगाहर्ट्झपर्यंत नेण्याची भाषा सुरुवातीला झाली होती. प्रत्यक्षात मे २००४ मध्ये इंटेलने तेजस हा पुढचा प्रोसेसर रद्द केला. ऑक्टोबरमध्ये ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ ही रद्द झाला. त्याच महिन्यात एका मोठ्या परिषदेत इंटेलचे प्रमुख क्रेग बॅरेट व्यासपीठावर गुडघे टेकून बसले आणि त्याबद्दल त्यांनी सगळ्यांची क्षमा मागितली. प्रसंग हसण्यावारी नेण्याचा होता, पण कंपनीच्या इतिहासातला तो एक खरा वळणबिंदू आहे. नोव्हेंबरमध्ये ३.८ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ आला आणि नेटबर्स्टचा वेग तिथेच थांबला.

दोनाचं गणित

समजा एका कोअरचा वेग २० टक्क्यांनी कमी केला. वेग कमी असला की व्होल्टेजही कमी चालतं. तेही २० टक्क्यांनी उतरवता आलं असं धरू. वीज व्होल्टेजच्या वर्गाला वेगाने गुणून येते, म्हणजे ०.८ चा घन, जवळपास ०.५१. वेग पाचव्या हिश्शाने घटला, पण वीज निम्मी झाली. उरलेल्या निम्म्या विजेत तसाच दुसरा कोअर चालवता येतो. दोन्ही मिळून काम १.६ पट, आणि वीज मात्र जवळपास पहिल्याइतकीच.

कागदावरचं हे गणित प्रत्यक्षात इतकं सरळ उतरत नाही. व्होल्टेज नेहमी तेवढं खाली येत नाही, आणि काम दोघांत वाटता यायला हवं ही अट तर सर्वांत मोठी. तरी दिशा याच हिशेबाने ठरली.

दोन प्रोसेसरवर संगणक चालवणं तेव्हा नवं नव्हतं. सर्व्हर आणि महागड्या वर्कस्टेशनमध्ये दोन स्वतंत्र प्रोसेसर दोन सॉकेटमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या दोन खोबणींत, बसवत. हौशी मंडळींसाठी अबिट कंपनीने १९९९ मध्ये बीपी६ नावाचा मदरबोर्ड काढला होता, त्यावर दोन स्वस्त सेलेरॉन चालायचे; त्या बोर्डाच्या आठवणी लोक अजून जिव्हाळ्याने काढतात. एकाच चिपवर दोन कोअर हेही आयबीएमने २००१ साली पॉवर४ या सर्व्हर प्रोसेसरमध्ये करून दाखवलं होतं.

आणखी एक पायरी मध्ये होती, हायपर-थ्रेडिंगची. ३.०६ गिगाहर्ट्झच्या त्या पेंटियम ४ मध्ये ती पहिल्यांदा सामान्य डेस्कटॉपवर आली. त्यात कोअर एकच, पण ऑपरेटिंग सिस्टिमला तो दोन प्रोसेसर असल्यासारखा दिसायचा. एका थ्रेडचं काम मेमरीच्या प्रतीक्षेत अडकलं की मोकळ्या पडलेल्या भागांवर दुसऱ्या थ्रेडचं काम सुरू व्हायचं. थ्रेड म्हणजे प्रोग्रॅममधला सूचनांचा एक सलग प्रवाह. आकडेमोड करणाऱ्या भागांचा संच मात्र एकच, त्यामुळे दोन थ्रेडना एकाच वेळी तेच भाग हवे असले की दोघेही मंदावायचे. ड्युअल-कोअरमध्ये हे भागही दुप्पट असतात. हायपर-थ्रेडिंगचा मोठा उपयोग माझ्या मते वेगळाच झाला: दोन प्रोसेसर दिसणारं यंत्र घराघरात पोहोचलं आणि सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना त्याची सवय होऊ लागली.

एकाने बदललं ते दुसऱ्याला कसं कळणार?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. मेमरी प्रोसेसरच्या मानाने फार संथ असते. तिच्याकडून एखादा आकडा आणायला शेकडो ठोके जातात. म्हणून प्रत्येक कोअरजवळ कॅश नावाची छोटी, वेगवान मेमरी असते आणि लागणाऱ्या गोष्टींच्या प्रती तिथे ठेवल्या जातात. कोअर एकच असेल तोवर हे निर्धास्त चालतं. दोन झाले की घोटाळा सुरू होतो.

एका कचेरीत दोन कारकून आहेत आणि मूळ खातेवही तळमजल्यावरच्या दप्तरात आहे असं समजा. दर वेळी जिना उतरायला नको म्हणून दोघांनीही त्याच पानाची नक्कल आपापल्या मेजावर आणून ठेवली आहे. पहिल्याने आपल्या नकलेत शिल्लक बदलली. दुसऱ्याच्या मेजावर जुनाच आकडा आहे आणि तो त्यावर विसंबून पुढचा हिशेब करतो आहे. खातं चुकलं. हे टाळायचं तर पहिल्याने बदल करण्याआधी दुसऱ्याला सांगायला हवं की तुझी नक्कल बाद झाली. आणि दुसऱ्याला ते पान पुन्हा लागलं तर ताजा आकडा पहिल्याकडून मिळायला हवा.

प्रोसेसरमध्ये हा संवाद ठरलेल्या नियमांनी, सेकंदाला लाखो वेळा चालतो. कॅशमधल्या प्रत्येक नोंदीवर ती कोणत्या अवस्थेत आहे याची खूण असते: माझ्याकडे बदललेली, फक्त माझ्याकडे असलेली, दोघांकडे असलेली, बाद झालेली. इंटेलचे प्रोसेसर या चार अवस्था वापरत. एएमडीने पाचवी जोडली होती. बदललेली नोंद मेमरीत परत न लिहिताच दुसऱ्याला देता येईल आणि ती लिहिण्याची जबाबदारी कोणाकडे आहे हे लक्षात राहील, यासाठी ती होती. नियम कोणतेही असोत, निरोप कुठल्या रस्त्याने जातो यावर सगळा वेग ठरतो.

पेंटियम डी च्या पहिल्या पिढीचं सांकेतिक नाव स्मिथफील्ड. ९० नॅनोमीटरच्या तंत्राने केलेला, २३ कोटी ट्रान्झिस्टरांचा आणि २०६ चौरस मिलिमीटरचा हा तुकडा म्हणजे शेजारी शेजारी ठेवलेले दोन प्रेस्कॉट. दोघांना आपापली १ मेगाबाइटची कॅश होती. एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर असूनही त्यांच्यात आतून थेट बोलण्याची सोय नव्हती. एका कोअरने बदललेला आकडा दुसऱ्याला हवा असेल, तर तो प्रोसेसरबाहेरच्या फ्रंट साइड बसवर, म्हणजे प्रोसेसरला बाकी संगणकाशी जोडणाऱ्या तारांच्या रस्त्यावर, यायचा आणि तिथून परत आत जायचा. ही बस ८०० मेगाहर्ट्झची, सेकंदाला ६.४ गिगाबाइट वाहून नेणारी. मेमरीकडे जाण्याचा रस्ता तोच, डिस्क आणि ग्राफिक्सकडे जाण्याचाही तोच, आणि दोन कोअरमधले निरोपही त्याच्यावरच. दोघे मिळून एकाच माहितीवर काम करू लागले की ती तुंबायची.

ही रचना घाईत झाली होती. ऑगस्ट २००५ मधल्या हॉट चिप्स परिषदेत इंटेलच्या अभियंत्याने ते उघडपणे सांगितलं होतं: एका कोअरचा मार्ग संपला हे लक्षात आल्यावर हाताशी असलेल्या वस्तूंतून लवकरात लवकर दोन कोअरचा प्रोसेसर उभा करायचा होता. अडचणी उष्णतेच्याही होत्या. ८४० या मॉडेलची उष्णतेची मर्यादा १३० वॅट होती आणि तेवढी पेलण्यासाठी दोन्ही कोअर ३.२ गिगाहर्ट्झवर ठेवावे लागले. म्हणजे ज्याला एकाच थ्रेडचं काम करायचं होतं त्याला ३.८ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ पेक्षा नवा प्रोसेसर संथ मिळत होता. सॉकेट तेच असूनही नवा चिपसेट (प्रोसेसरला बाकी भागांशी जोडणारा, मदरबोर्डवरचा चिपांचा संच) लागायचा, म्हणून बहुतेकांना मदरबोर्डही बदलावा लागला.

अ‍ॅथलॉन ६४ एक्स२ ची कथा वेगळी आहे, कारण तिची तयारी बरीच आधी झाली होती. एएमडीने २००३ साली आणलेल्या के८ रचनेत दुसऱ्या कोअरची जागा सुरुवातीपासून धरून ठेवलेली होती. मेमरीशी देवाणघेवाण सांभाळणारा भाग, मेमरी कंट्रोलर, प्रोसेसरच्या आतच होता. कोअरकडून येणाऱ्या मागण्या आधी आतल्या एका रांगेत लागायच्या, तिथून क्रॉसबार नावाचा स्विच त्यांना मेमरीकडे किंवा बाहेरच्या उपकरणांकडे धाडायचा. दुसरा कोअर आला तो याच रांगेला जोडला गेला. त्यामुळे दोन कोअरमधले निरोप चिपच्या आत, कोअरच्याच वेगाने फिरायचे. बाहेर जायचं कारणच नव्हतं. मेमरीचा रस्ता इथेही सेकंदाला ६.४ गिगाबाइटचाच होता, पण तो फक्त मेमरीचा. बाकीच्या उपकरणांसाठी हायपरट्रान्सपोर्ट ही वेगळी जोडणी होती. आकडा एकच, वाहतूक मात्र वेगवेगळी. या दोन प्रोसेसरांतला फरक समजून घ्यायला मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही.

वेगाच्या बाबतीतही एएमडीला फार सोडावं लागलं नाही. के८ ची पाइपलाइन आखूड होती, साध्या सूचनांसाठी १२ टप्प्यांची, त्यामुळे कमी गिगाहर्ट्झमध्येही ती भरपूर काम करायची. एक्स२ ४८००+ मध्ये दोन्ही कोअर २.४ गिगाहर्ट्झचे, प्रत्येकी १ मेगाबाइट कॅशचे. एका कोअरचा अ‍ॅथलॉन ६४ ४०००+ हाही २.४ गिगाहर्ट्झचा, तेवढ्याच कॅशचा. म्हणजे दुसरा कोअर मिळवताना पहिल्याची गती गमवावी लागत नव्हती. वर, सॉकेट ९३९ च्या जुन्या मदरबोर्डांवर बहुधा बायोस (संगणक सुरू करणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) अद्ययावत केलं की काम भागायचं.

मग सगळ्यांनी एक्स२ का घेतला नाही? पैशामुळे. सुरुवातीच्या एक्स२ मालिकेतला सर्वांत स्वस्त ४२००+ हा ५३७ डॉलरचा होता आणि ४८००+ हजार डॉलरचा. पेंटियम डी ८२० मात्र २४१ डॉलरला मिळत होता. एएमडीचे प्रोसेसर तेव्हा ड्रेस्डेनच्या एकाच कारखान्यात बनायचे, दुसरा त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाला. एवढ्या मोठ्या चिपा स्वस्तात भरपूर काढणं तिला झेपणारं नव्हतं. ऑगस्टमध्ये ३५४ डॉलरचा ३८००+ आला तेव्हा अंतर थोडं कमी झालं. पेंटियम डी ला नावं ठेवणं सोपं आहे आणि त्याच्या रचनेत त्रुटी होत्याच, पण मध्यम किमतीच्या संगणकात दुसरा कोअर पहिल्यांदा पोहोचवला तो त्यानेच. हे श्रेय त्याला द्यायला हवं.

जानेवारी २००६ मध्ये पेंटियम डी ची ९०० मालिका आली, प्रेस्लर या सांकेतिक नावाची. ६५ नॅनोमीटरचं तंत्र आणि प्रत्येक कोअरला २ मेगाबाइट कॅश. यात दोन कोअर एका तुकड्यावरही नव्हते. दोन स्वतंत्र तुकडे एकाच आवरणात बसवलेले होते. वरवर हे पाऊल मागे टाकल्यासारखं दिसतं. उत्पादनाच्या दृष्टीने त्यात शहाणपण होतं. मोठ्या तुकड्यात कुठेही दोष निघाला तर दोन्ही कोअर वाया जातात. छोटे तुकडे वेगळे तपासून चांगले तेवढे जोडले तर नासाडी कमी होते. आणि दोघांतला संवाद तसाही बाहेरच्या बसवरूनच चालला होता, त्यामुळे तुकडे वेगळे केल्याने त्यात बिघडण्यासारखं काही उरलं नव्हतं.

सॉफ्टवेअरची बाजू

दुसरा कोअर आला म्हणून जुना प्रोग्रॅम वेगवान होत नाही. ज्या प्रोग्रॅममध्ये एकच थ्रेड आहे तो एका वेळी एकाच कोअरवर चालणार. पहिल्या दिवसापासून फायदा झाला तो एकाच वेळी अनेक गोष्टी चालू ठेवणाऱ्यांचा. एका कोअरवर ऑपरेटिंग सिस्टिम प्रत्येक प्रोग्रॅमला काही मिलिसेकंदांचे छोटे हप्ते देत असते, आणि व्हायरस तपासणीसारखं एखादं जड काम सुरू झालं की बाकी सगळं रखडतं. दोन कोअर असले की जड काम एकावर चालतं आणि दुसरा माउसच्या क्लिकला उत्तर द्यायला मोकळा राहतो. चाचण्यांच्या आलेखांत हा फरक फारसा दिसायचा नाही. वापरणाऱ्याला मात्र तो लगेच कळायचा.

व्हिडिओ रूपांतर, त्रिमिती चित्रं तयार करणं अशी कामं सहज वाटता येतात: हा भाग तू कर, तो मी करतो. तिथे जवळपास दुप्पट वेग मिळायचा. बाकी कामांची मर्यादा संगणक अभियंता जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्येच सांगून ठेवली होती. कामाचा ६० टक्के भाग वाटता येतो आणि ४० टक्के एकामागून एकच करावा लागतो असं धरा. दोन कोअरवर ६० चे ३० होतात, ४० तसेच राहतात. शंभराऐवजी सत्तर वेळ लागतो. दुप्पट कोअर देऊन वेग १.४ पटींच्या आसपास. असंख्य कोअर लावले तरी ते ४० हटणार नाहीत, म्हणजे अडीचपटीच्या पुढे जाता येणार नाही.

तेव्हाचे बहुतेक खेळ या अवघड बाजूला होते. म्हणूनच जून २००५ मध्ये एएमडीने २.८ गिगाहर्ट्झचा एका कोअरचा अ‍ॅथलॉन ६४ एफएक्स-५७ आणला तेव्हा खेळांसाठी एक्स२ पेक्षा तोच वरचढ ठरला, आणि त्या वेळी तो घेणाऱ्याचा निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. पण वारं बदलत होतं. २००५ च्या अखेरीस ग्राफिक्स चिपा बनवणाऱ्या एनव्हिडियाने आपल्या ड्रायव्हरमध्येच (त्या चिपा चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) दोन कोअरचा वापर सुरू केला, आणि त्याच सुमारास तीन कोअरचा एक्सबॉक्स ३६० हा खेळांचा कन्सोल बाजारात आला. तिथे खेळ लिहिणाऱ्यांना काम वाटून देण्यावाचून पर्यायच नव्हता.

जुन्या सॉफ्टवेअरमधल्या लपलेल्या चुकाही वर आल्या. दोन थ्रेड एकच आकडा वाचतात, दोघेही त्यात एक मिळवतात आणि दोघेही परत लिहितात. दोनाने वाढायला हवा तो एकानेच वाढतो. एका कोअरवर असा योग क्वचित जुळायचा, कारण थ्रेड आळीपाळीने चालायचे. खरोखर एकाच क्षणी चालू लागल्यावर तो वारंवार जुळू लागला.

दुसरी अडचण जास्त विचित्र होती. पेंटियमपासून प्रोसेसरमध्ये ठोके मोजणारा एक काउंटर असतो, आणि अनेक खेळ वेळ मोजायला तो थेट वाचायचे. एक्स२ मध्ये प्रत्येक कोअरचा काउंटर वेगळा होता आणि वीज वाचवण्यासाठी वेग खालीवर होऊ लागला की दोन्ही काउंटरांतला मेळ सुटायचा. खेळ एका कोअरवरून दुसऱ्यावर गेला की त्याला वेळ पुढे किंवा मागे गेल्यासारखी दिसायची. पडद्यावरची पात्रं अचानक धावू लागायची किंवा अडखळायची. यावर एएमडीला ड्युअल-कोअर ऑप्टिमायझर नावाची एक छोटी उपयोजना द्यावी लागली आणि विंडोजसाठीही दुरुस्ती निघाली. प्रोसेसर आपल्या जागी बरोबर होता, खेळही आपल्या जागी बरोबर होता. ‘काउंटर एकच असणार’ हे कोणीही न लिहिलेलं गृहीतक मोडलं होतं.

दोन कोअरसाठी सॉफ्टवेअरचे दोन परवाने घ्यावे लागणार का, हा प्रश्न मायक्रोसॉफ्टने वेळेवर सोडवला. ऑक्टोबर २००४ मध्येच तिने जाहीर केलं की परवाना प्रोसेसरवर मोजला जाईल, कोअरवर नाही. एकाच प्रोसेसरपुरत्या असलेल्या विंडोज एक्सपी होमवरही त्यामुळे दोन्ही कोअर चालले. उलटा निर्णय झाला असता तर घरगुती संगणकांत ड्युअल-कोअर इतक्या झपाट्याने पसरला नसता, असं मला ठामपणे वाटतं.

कोअर २ डुओ

इंटेलला खरं उत्तर सापडलं ते तिच्या लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्ये. इस्रायलमधल्या हैफाच्या चमूने २००३ साली पेंटियम एम केला होता. लॅपटॉपला बॅटरी पुरवायची असल्याने त्या चमूला गिगाहर्ट्झच्या मागे धावणं परवडणारंच नव्हतं. त्यांनी नेटबर्स्ट बाजूला ठेवून पेंटियम ३ च्या जुन्या घराण्याची रचना सुधारत नेली. जानेवारी २००६ मध्ये त्याच वंशातला कोअर डुओ आला आणि २७ जुलै २००६ ला डेस्कटॉपसाठी कोअर २ डुओ.

यात दोन्ही कोअरना मिळून एकच ४ मेगाबाइटची कॅश होती, स्वस्त मॉडेलमध्ये २ मेगाबाइटची. त्या कारकुनांच्या दोन नकलांऐवजी दोघांच्या हाताला येईल अशी एकच प्रत. एकाने तिथे लिहिलेलं दुसऱ्याला तिथेच वाचता येतं, बसवर काही पाठवावं लागत नाही. शिवाय एक कोअर रिकामा असेल तर दुसरा जवळपास सगळी कॅश वापरू शकतो. पेंटियम डी मध्ये रिकाम्या कोअरची कॅश नुसती पडून राहायची. प्रत्येक कोअरजवळची अगदी छोटी पहिल्या पातळीची कॅश वेगळीच राहिली, त्यामुळे मेळ ठेवण्याचे नियम गेले नाहीत. फक्त निरोपांचं अंतर खूप कमी झालं.

कोअर स्वतःही बदलला होता. पाइपलाइन १४ टप्प्यांची, आणि दर ठोक्याला तीनऐवजी चार सूचना हाताळण्याची क्षमता. ई६६०० हे मॉडेल २.४ गिगाहर्ट्झचं, ६५ वॅटचं आणि ३१६ डॉलरचं. एएमडीचा तेव्हाचा सर्वोच्च एफएक्स-६२ हा २.८ गिगाहर्ट्झचा, १२५ वॅटचा आणि हजार डॉलरहून महाग. बहुतेक चाचण्यांत ई६६०० त्याच्या बरोबरीने किंवा पुढे होता. इंटेलचाच ३.६ गिगाहर्ट्झचा पेंटियम डी ९६० त्याच्या मागे पडला. ज्या कंपनीने पाच-सहा वर्षं ग्राहकांना गिगाहर्ट्झ मोजायला शिकवलं, तिनेच दीडपट वेगाचा आपला प्रोसेसर मागे टाकणारा कमी वेगाचा प्रोसेसर विकायला ठेवला. एएमडीने त्याच महिन्यात एक्स२ च्या किमती मोठ्या प्रमाणात उतरवल्या, आणि दोन कोअर घेणं कुणालाही परवडू लागलं.

वाटेचा प्रश्न मात्र मिटला नव्हता. नोव्हेंबर २००६ मध्ये इंटेलने क्यूएक्स६७०० हा चार कोअरचा प्रोसेसर आणला, तो कोअर २ डुओचे दोन तुकडे एका आवरणात बसवून. प्रत्येक जोडीची कॅश सामाईक होती, पण एका जोडीकडून दुसरीकडे जाणारा निरोप पुन्हा बाहेरच्या बसवरूनच जायचा, पेंटियम डी मध्ये जायचा तसाच. एएमडीने नोव्हेंबर २००७ च्या फेनममध्ये चारही कोअर एका तुकड्यावर घेतले आणि त्यांना तिसऱ्या पातळीची सामाईक कॅश दिली. इंटेलने नोव्हेंबर २००८ च्या पहिल्या कोअर आय७ मध्ये फ्रंट साइड बस काढून टाकली, मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आत घेतला आणि चारही कोअरसाठी ८ मेगाबाइटची तिसऱ्या पातळीची कॅश ठेवली. त्या वेळी हायपर-थ्रेडिंगही परत आलं.